मसाल्याच्या गल्लीतली शोकसभा

कंपनीच्या कामासाठी परगावी जायचं म्हटलं की माझ्या अंगात एक लोभी माणूस संचारतो. तिकीट कंपनीचं, खोली कंपनीची, तेव्हा मधला मोकळा वेळ तेवढा आपला, आणि तो शेवटच्या थेंबापर्यंत पिळून घ्यायचा, असं त्याचं म्हणणं. दोन मीटिंगांच्या मध्ये थोडी उसंत मिळाली तर शहाणी माणसं चहा पितात, पाय ताणतात. मी तेवढ्यात गिरगावात जेवून, दादरला खरेदी करून, परळला एका आजारी नातेवाइकाला भेटून येतो. म्हणजे निघतो तरी. येतो असं नाही.

मागच्या एका खेपेला मी भल्या सकाळी भाऊच्या धक्क्यावरून बांगडे आणले आणि हॉटेलच्या खोलीतल्या त्या भातुकलीच्या फ्रिजमध्ये, चॉकलेटांच्या शेजारी निजवून मीटिंगला गेलो. दारातलं कार्ड काढून घेतलं की खोलीतली सगळी वीज जाते, फ्रिजचीसुद्धा, ही गोष्ट मला संध्याकाळी समजली. माझ्या आधी ती त्या मजल्याला समजली होती. तेव्हापासून कंपनी मला वेगळ्या हॉटेलात उतरवते.

यंदाच्या खेपेची गोष्ट मात्र गंभीर होती. आमची नागपूरची शाखा बंद करायची की ठेवायची, याचा निकाल मुंबईच्या मुख्य ऑफिसात लागणार होता. बंद झाली तर आम्हा सगळ्यांची रवानगी गुरगावला. आमच्या मॅनेजरांचं घर नागपुरात, गुडघे नागपुरात, मुलीची बारावी नागपुरात. त्यांनी शाखेची बाजू मांडायला मला पाठवलं, कारण मी मूळचा मुंबईचा, लालबागच्या चाळीतला. मुंबईच्या माणसाचं मुंबईत ऐकतात, अशी त्यांची एक गोड समजूत.

माझ्या घरी प्रश्न गुरगावचा नव्हता, आईचा होता. आई कोकणातून लग्न होऊन लालबागला आली, हे एक बिऱ्हाड. चाळ पडायला निघाली तेव्हा माझ्याबरोबर नागपूरला आली, हे दुसरं. तिथे समुद्राचा मासा बर्फातून येतो आणि त्याच्या तोंडावर प्रवासाचा शीण दिसतो, हे तिनं कसंबसं पचवलं. गुरगावचं नाव काढलं तेव्हा तिनं तांदूळ निवडता निवडता शांतपणे सांगितलं, "तुम्ही जा. माझं तिसरं बिऱ्हाड आता थेट वरती." आई असं बोलते तेव्हा ती धमकी नसते, सूचना असते. म्हणजे शाखा राहिली तर घर एकत्र राहणार होतं, नाहीतर नाही.

आता एवढं सगळं डोक्यावर असताना माणसानं मीटिंगशिवाय दुसरा विचार करू नये. पण निघायच्या आदल्या दिवशी आई म्हणाली, "मुंबईला चाललायसच तर मसाला घेऊन ये."

आमच्याकडे वर्षाचा मसाला लालबागच्या मसाल्याच्या गल्लीतच होतो. नागपूरला आल्यापासूनही आई दर उन्हाळ्यात त्यासाठी स्वतः जायची, यंदा तिच्या पायांनी नकार दिला. हा मसाला विकत घ्यायचा नसतो, करून घ्यायचा असतो. आपण मिरच्या निवडायच्या, आपल्यासमोर त्या मोठ्या कढईत भाजून घ्यायच्या, मग डंखावर कुटून घ्यायच्या. डंख म्हणजे लोखंडी मुसळांची रांग, विजेवर वरखाली होणारी. आणि या सगळ्यात एक नियम असा, की आपल्या मसाल्यापासून हलायचं नाही. पाठ वळली की दुसऱ्याचा उरलेला भुगा आपल्यात आलाच म्हणून समजा. लालबागच्या बायका एरवी शेजारणीच्या भरवशावर तान्हं मूल ठेवून जातील, मसाला नाही. आईनं मला हा नियम इतक्या वेळा सांगितला, की बायकोनं हळूच विचारलं, "मीटिंगचं काही वाचलंस का?"

मुख्य ऑफिस लोअर परळला, माझे वडील कामाला होते त्याच गिरणीच्या आवारात. वडिलांना फाटकावर कुणी अडवत नसे. मला दर खेपेला गळ्यात पट्टा घालून, फोटो काढून आत सोडतात. सकाळचं सत्र मोठ्या साहेबांचं होतं. साहेब दिल्लीकडचे, नुकतेच कुठलंसं शिबिर करून आलेले, आणि विषय होता सहवेदना. समोरच्याचं दुःख त्यानं सांगायच्या आधी ओळखता आलं पाहिजे, असं ते दीड तास सांगत होते. एचआरच्या बाई मान हलवून लिहून घेत होत्या. मी घड्याळाकडे बघत होतो. नागपूरचा विषय चार वाजता होता. जेवणापासून चारपर्यंतचा वेळ माझा.

करी रोडचा पूल ओलांडून मी लालबागला पोचलो तेव्हा अंगात कडक इस्त्रीचा शर्ट, गळ्यात पट्टा आणि हातात लॅपटॉपची बॅग होती. गल्लीत शिरताच पहिला ठसका लागला आणि फार बरं वाटलं. दुकानात उभा राहून आईला व्हिडिओ कॉल लावला. तिनं नागपूरहून मिरच्या निवडल्या. "उचल ती. नाही, शेजारची. देठ दाखव. आता मोड, फोनजवळ धरून मोड." मी मिरची मोडली. पलीकडून आवाज ऐकून आई म्हणाली, "ओली आहे. खालच्या गोणीतली दाखवायला सांग." दुकानदारानं मुकाट खालची गोणी काढली. त्यानं आयुष्यात बऱ्याच बायका पाहिल्या असतील, फोनमधून गोणी बदलायला लावणारी पहिलीच असावी.

भाजून झालं, कुटून झालं. ताजा कुटलेला मसाला गरम असतो, तसाच पिशवीत भरला तर घाम येऊन खराब होतो. म्हणून डंखवाल्यानं तो चाळून कागदावर पसरला आणि वर पंखा सोडला. शेजारच्या कागदावर भोईवाड्याच्या एका मावशींचा मसाला पसरला होता. साताऱ्याकडच्या होत्या, सुनेला घेऊन आल्या होत्या. दोन ढीग शेजारी शेजारी, आणि माझ्या डोळ्यांना एव्हाना दोन्ही सारखेच दिसत होते. म्हणून मी एक हुशारी केली. आपल्या ढिगावर ओळख म्हणून माझं व्हिजिटिंग कार्ड खोचलं. मावशी बघत होत्या. म्हणाल्या, "भाऊ, मसाल्याला बी कार्ड लागतंय व्हय?" सून पदरात हसली.

तेवढ्यात एचआरच्या बाईंचा फोन. साहेबांचं परतीचं विमान ठरल्यापेक्षा लवकर सुटणार होतं, त्यामुळे मीटिंग आत्ताच, सगळे खोलीत जमलेत, तुम्ही कुठे आहात? मी म्हटलं जवळच आहे. त्या म्हणाल्या, मग लिंकवरून या, थांबायला वेळ नाही.

शहाणा माणूस गल्लीच्या तोंडाशी गेला असता. मी डंखवाल्याला विचारलं, पाच मिनिटं लक्ष ठेवाल का? तो म्हणाला, "साहेब, जावा की. पण मागून मिक्स झाला म्हणून माझ्या नावानं बोंब मारायची नाही." माझ्या डोळ्यांसमोर आई आली. मी तिथंच, ढिगाच्या बाजूला, एका उपड्या डब्यावर बसलो, फोन समोरच्या पोत्याला टेकवला आणि लिंक दाबली.

आता त्या लोकांना काय दिसलं ते सांगतो, कारण तेव्हा ते मला दिसत नव्हतं. माझ्या डोक्याच्या बरोबर वर डंखवाल्याच्या कैलासवासी वडिलांचा फोटो होता, चंदनाचा हार घातलेला, खाली लाल दिवा आणि दोन उदबत्त्या. माझ्या मागे मावशी आणि सून नाकातोंडावर पदर घेऊन, लाल डोळ्यांनी खाली बघत बसलेल्या. मागे कुठेतरी मुसळं एका लयीत धाड धाड वाजत होती. आणि मध्ये मी, इस्त्रीच्या शर्टात, गालांवरून पाण्याच्या धारा वाहत असलेला. पलीकडच्या कढईत तेव्हाच कुणाच्या तरी लवंगी मिरच्या पडल्या होत्या.

साहेबांनी माझ्याकडे बघून काहीतरी विचारलं. मला वाटलं, बोला म्हणतायत. तीन महिने पाठ केलेलं भाषण होतं, आकडे होते, आलेख होते. मी श्वास घेतला. तिथंच चुकलं. त्या हवेत बोलण्यापुरता श्वास घ्यायचा नसतो. "सर," मी म्हणालो, "नागपूर..." आणि घसा बंद झाला. पुन्हा प्रयत्न केला. "नागपूर..." हुंदका आला. म्हणजे ठसकाच होता, पण तो बाहेर येताना हुंदक्यासारखा आला. मावशींनी मागून माझ्या पाठीवर हात फिरवला आणि पाण्याचा तांब्या पुढे केला. "रडू नका भाऊ," त्या म्हणाल्या, "व्हतं असं पैल्यांदा." सुदैवानं खोलीत मराठी समजणारे फारसे नव्हते.

नागपूर शाखेच्या बचावाचं माझं भाषण एवढंच झालं.

मग फोनवर हालचाल दिसली. डोळे पुसून पाहिलं तर खोलीतले सगळे उभे राहिले होते. मला वाटलं मीटिंग संपली, साहेब निघाले. साहेब उठले की उठायचं ही माझ्या अंगात मुरलेली सवय. मीही उभा राहिलो. पण कुणी हलेना. सगळे हात समोर बांधून, माना खाली घालून स्तब्ध. मावशींनी माझ्या आडून फोनमध्ये डोकावलं. कोटाटायवाली माणसं रांगेत उभी, हा भाऊही उभा. त्यांनी सुनेला कोपरानं ढोसलं. "ऊठ गं, जनगणमन चाललंय वाटतं." त्या दोघी उठल्या. त्यांना बघून कढईवाला झारा बाजूला ठेवून ताठ झाला. डंखवाल्यानं एकवार सगळ्यांकडे पाहिलं आणि डंख बंद केला.

भर उन्हाळ्यात, सीझनच्या ऐन मध्यावर, दुपारी, मसाल्याच्या त्या गल्लीत शांतता पसरली. कढईत एक मिरची तेवढी तडतडली.

खोलीतले लोक खाली बसले तेव्हा साहेबांचा आवाज आला. आवाज जड होता. म्हणाले, अशा वेळीसुद्धा तुम्ही मीटिंगला आलात, माझ्याकडे शब्द नाहीत. नागपूरचा विषय आज नको. या वर्षी नागपूरला कुणी हात लावणार नाही, पुढच्या वर्षी बघू. टेक युअर टाइम, आपल्या माणसांजवळ राहा. मी कसंबसं "थँक यू सर" म्हणालो. ते इतकं कातर निघालं, की एचआरच्या बाईंनी डोळ्यांना रुमाल लावलेला मला धूसर दिसला.

आणि यातला सगळ्यात मोठा मूर्खपणा पुढेच आहे. मला खरंच वाटलं की मी जिंकलो. अशा वेळी म्हणजे जेवणाच्या सुट्टीत, असा अर्थ मी लावला. एका शब्दात काम झालं, 'नागपूर' हा शब्द आपण काय ताकदीनं उच्चारला असेल, असं म्हणत मी कार्ड खोचलेला ढीग पिशवीत भरला, मावशींना नमस्कार केला आणि गाडी पकडायला निघालो. मॅनेजरांना फोन करून सांगितलं, शाखा वाचली. ते म्हणाले, "काय बोलला रे तू असा?" मी म्हटलं, मनापासून बोललो.

प्लॅटफॉर्मवर बसलो तेव्हा फोनवर निरोपांची रांग लागली होती. सगळ्यांना माझ्याबद्दल फार वाईट वाटत होतं. ईश्वर मृतात्म्यास शांती देवो. धीर धरा. एचआरच्या बाई विचारत होत्या की कोण होते, आणि रजा लावून ठेवू का. मला काही उमजेना. शेवटी मुंबई ऑफिसातल्या एका मित्राचा निरोप आला, "कोण गेलं रे? बोलला नाहीस," आणि खाली मीटिंगच्या पडद्याचा फोटो. त्यात मी होतो, हार होता, उदबत्ती होती, पदर घेतलेल्या बायका होत्या. मी स्वतः तिथे बसलेला नसतो तर मलासुद्धा रडू आलं असतं.

खरं सांगावं तर शाखा जाते, शाखेबरोबर आई जाते. खोटं सांगावं तर कुणाला मारू? नागपूर येईपर्यंत मी एकेक नातेवाईक आठवत होतो, आणि सगळे ठणठणीत होते.

घरी आल्यावर आईनं आधी पिशवी मागितली. परात घेतली, मसाला ओतला. त्यातून माझं व्हिजिटिंग कार्ड निघालं. ते तिनं दोन बोटांत धरून बाजूला ठेवलं, चिमूटभर मसाला तळहातावर घेतला, हुंगला, जिभेला लावला. मग माझ्याकडे वळली. आई फार चिडली की मालवणीत जाते.

"ह्यो आपलो नाय," ती म्हणाली. "ह्यात तीळ आसत. सुक्या खोबरा आसा. ह्यो घाटावरचो."

मी म्हटलं, असं कसं, कार्ड तर... आणि मला तो पंखा आठवला. कार्ड कागदाचं, पंखा जोरात, शेजारी भोईवाडा. मग मी तिला सगळं सांगितलं, डब्यावर बसल्यापासून प्लॅटफॉर्मपर्यंत. तिनं ऐकून घेतलं.

"म्हंजे रडलंस ता दुसऱ्याच्या मिरच्येन," ती म्हणाली, "आणि आणलंस तो पन दुसऱ्याचोच मसालो." एवढं बोलून ती परातीशेजारी बसली आणि पदर डोळ्यांना लावला. वर्षभराचा मसाला गेला होता. माझ्या घरात खरा शोक करणारी ती एकटीच.

नेमकी तेव्हाच दाराची बेल वाजली. मॅनेजर होते. मुख्य ऑफिसातून त्यांना बातमी कळली होती. गेलेल्याच्या घरी चूल पेटवत नाहीत म्हणून ते घरून पिठलं-भाताचा डबा घेऊन आले होते. त्यांनी परातीपाशी डोळे पुसत बसलेली आई पाहिली आणि डबा हळूच खाली ठेवला.

"काकू, लई वाईट झालं जी. कोण गेलं?"

आई म्हणाली, "मसाला."

मॅनेजर माझ्याकडे वळले. मी दुसऱ्यांदा सगळं सांगितलं. ते खुर्चीत बसून गुडघे चोळू लागले. मला वाटलं आता ओरडणार. मग म्हणाले, "मोठे साहेब पुढच्या आठवड्यात येऊन राहिले नागपूरले. तुला भेटायले." आणि माझ्या डोक्याकडे बघून म्हणाले, "तुले केस काढा लागतीन."

मी म्हटलं, अहो पण कुणी मेलंच नाही.

"शाखा मरते ना बाबू," ते म्हणाले.

ऑफिसातल्या सगळ्यांनी मिळून ठरवलं, आणि एचआरच्या बाईंना 'जवळचंच माणूस' एवढंच कळवलं. माझं मत कुणी विचारलं नाही. न्हाव्यानं विचारलं, वडील का? मी म्हटलं ते पूर्वीच गेले. मग कोण? मी म्हटलं तुम्ही वस्तरा चालवा. बायको तो आठवडाभर माझ्याशी बोलताना भिंतीकडे बघायची, कारण माझ्याकडे बघितलं की तिला हसू आवरत नसे.

साहेब आले, ऑफिस बघितलं आणि संध्याकाळी घरी आले. आईनं आधीच बजावलं होतं, की मी खोटं बोलणार नाही आणि सुतकही पाळणार नाही, दारात आलेल्या माणसाला जेवायला मात्र घालीन. मी घाबरून तिला मासे तेवढे करू दिले नाहीत. तिनं काळ्या वाटाण्याची आमटी केली, भोईवाड्याचा मसाला घालून. घाटी मसाल्याचा अंदाज तिला नव्हता. तिनं आपल्या हाताच्या सवयीनं घातला.

साहेबांनी पहिला घास घेतला. दुसरा घेतला. माझ्या तुळतुळीत डोक्याकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, काही बोलायला तोंड उघडलं आणि बोलता येईना. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. नाक पुसत, मान हलवत ते तसेच जेवत राहिले. मॅनेजर खाली बघून बसले होते. आईनं पाण्याचा पेला पुढे केला आणि साहेबांच्या पाठीवर हात फिरवला. जाताना साहेबांनी तिचे हात धरले, तोंडातून हवा आत ओढत कसंबसं म्हणाले की नागपूरचं यंदा नक्की, पुढच्या वर्षी मी स्वतः बघेन.

गाडी गेल्यावर मॅनेजर जिन्यात बसूनच राहिले. त्यांचे गुडघे धरले होते, की ते हसत होते, मला कळलं नाही.

आई आत येऊन ताटं उचलू लागली. आमटीच्या पातेल्यात बोट घालून तिनं पुन्हा चव पाहिली. "त्या बाईनं भाजून घेतलाय मात्र नीट," ती म्हणाली. एवढं मान्य करायला तिला आठवडा लागला होता. उरलेली आमटी तिनं झाकून ठेवली आणि म्हणाली, "पुढच्या वर्षी मसाल्याला मी येते तुझ्याबरोबर. ढिगापाशी मी बसेन. तू नुसता रड."